बोलतो छान, मग वाचताना का अडतो? तुमचे प्रश्न, स्पीच थेरपिस्टची उत्तरं

मागच्या अंकात मी एक वाक्य लिहिलं होतं, की वाचनात मागे पडणाऱ्या बऱ्याच मुलांना स्पीच थेरपीचा उपयोग होतो. त्यावर एवढे मेसेज आले की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. नावं कुणाचीच छापत नाहीये, लांब पत्रं थोडी कापलीत, बाकी प्रश्न तुमच्याच शब्दांत आहेत.

प्रश्न: ताई, माझा मुलगा दुसरीत आहे. घरात सगळ्यात बडबड्या तोच, उच्चार एकदम स्वच्छ, गोष्टी रंगवून सांगतो. पण वाचायला बसवलं की पहिलं अक्षर बघायचं आणि पुढचं ठोकून द्यायचं. 'कपाट' असेल तर 'कपडे', 'माकड' असेल तर 'माणूस'. जोडाक्षर आलं की पुस्तकच मिटतो. टीचर म्हणाल्या स्पीच थेरपिस्टला दाखवा. मला काही कळेना, बोलण्यात प्रॉब्लेमच नाही तर स्पीच थेरपी कशाला? सासऱ्यांचं म्हणणं आहे की लक्ष नाही, जरा धाक दाखवला की वाचेल.

उत्तर: टीचरनी अगदी योग्य सांगितलंय, त्यांचे आभार माना. आमचं काम बोबडेपणा आणि तोतरेपणापुरतं असतं असं खूप जणांना वाटतं, पण भाषा ऐकणं, समजणं, लक्षात ठेवणं, मांडणं हे सगळं आमच्याच कामात येतं आणि वाचन-लेखन म्हणजे तीच भाषा कागदावर. अमेरिकेतल्या स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने तर 2001 मध्येच लेखी भूमिका जाहीर केली होती की मुलांच्या वाचन-लेखनाच्या अडचणी ओळखणं आणि त्यावर काम करणं ही स्पीच थेरपिस्टची जबाबदारी आहे.

आता तुमच्या मुलाचं बघू. तो शब्द अख्खा ऐकतो आणि अख्खा बोलतो, त्यात काहीच अडत नाही. वाचायला मात्र शब्द आतून सुटा करता यावा लागतो, म्हणजे 'बस' या शब्दात ब्, अ, स् असे तुकडे आहेत हे कानाला जाणवावं लागतं. बोलताना याची गरजच पडत नाही म्हणून ही अडचण बोलण्यात दिसत नाही, पुस्तक समोर आलं की दिसते. घरी एकदा करून बघा, कागद-पेन्सिल न घेता, गप्पा मारता मारता. 'पाणी' मधला प काढ आणि तिथे ग ठेव, काय झालं? गाणी. आता ग काढून र? राणी. 'मासा' मधला 'मा' खाऊन टाकला तर काय उरलं? आम्ही आणखी एक करतो, अर्थ नसलेले शब्द बनवून मागे म्हणायला लावतो, 'मोटकीला', 'पिरगटो' असे. ओळखीचा शब्द मूल आठवणीतून बोलतं पण असा शब्द फक्त कानाने धरून ठेवावा लागतो, तिथे अडखळलं की कुठे पाहायचं ते आम्हाला कळतं. यावरून घरी निदान मात्र करू नका, टेस्टमध्ये असं बरंच काही एकत्र बघितलं जातं.

हे नुसतं माझं मत नाही. 1983 मध्ये इंग्लंडमधल्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या, अजून वाचायला न लागलेल्या मुलांना विचारलं की या शब्दांतला कुठला आवाजाने वेगळा वाटतो, आणि पुढे काही वर्षं त्यांचं वाचन बघितलं. ज्यांना आवाजातला फरक लवकर कळत होता ती मुलं वाचनात पुढे होती. मग त्यांनी कमी जमणाऱ्या काही मुलांना दोन वर्षं आवाजांचा सराव दिला, त्यात ज्या गटाला आवाजाबरोबर प्लॅस्टिकची अक्षरं हातात दिली होती त्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. म्हणून कोणी फक्त तोंडी खेळ घेतंय आणि अक्षराला हातच लावत नाहीये, किंवा फक्त अक्षरं गिरवून घेतंय आणि आवाजाबद्दल बोलतच नाहीये, तर ते अर्धंच काम आहे.

आपल्या लिपीत तर आणखी गमती आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि ऐकू मात्र क् च्या नंतर येते. 'सूर्य' मधला र् उच्चारात य च्या आधी आणि कागदावर य च्या डोक्यावर. 'प्रकाश' मधला र पायाशी. 'क्ष' आणि 'ज्ञ' बघून तर आत कोणते आवाज आहेत याचा पत्ताच लागत नाही. पुन्हा 'कमळ' लिहायचं तीन अक्षरांत आणि बोलायचं 'क-मळ' असं दोन ठोक्यांत. ज्या मुलाचा कान तयार आहे त्याला हे नियम एकदा सांगितले की पुरतात, ज्याचा नाही त्याला प्रत्येक जोडाक्षर म्हणजे नवंच चित्र पाठ करायचं, मग तो अंदाज लावणार नाहीतर काय करणार. अक्षरं, मात्रा, जोडाक्षरं मिळून शेकडो आकार होतात, त्यामुळे अशा लिप्या शिकायला तशीही काही वर्षं जातात, पण दुसरीतलं मूल साध्या दोन-तीन अक्षरी शब्दांवरही अंदाज लावत असेल तर 'येईल हळूहळू' म्हणत बसू नका.

थेरपीत नेमकं काय होईल ते सांगते. आधी कान तपासून घ्यायला सांगतील, मग आवाज ओळखणं, तोडणं, जोडणं, ओळखीच्या वस्तूंची नावं किती पटकन आठवतात, ऐकलेलं किती वेळ डोक्यात राहतं, हे बघतील. मग सेशनमध्ये टाळ्या वाजवून शब्दांचे ठोके मोजणं, रंगीत ठोकळे मांडून एकेका आवाजाला एकेक ठोकळा सरकवणं, मग ठोकळ्याच्या जागी अक्षर, मग मात्रा, मग जोडाक्षर उलगडणं म्हणजे 'प्रकाश' मध्ये प् कुठे संपला आणि र् कुठे लागला ते तोंडाने हळू बोलून शोधायचं. जीभ कुठे लागते, ओठ मिटतात का, घशावर हात ठेवला की थरथर जाणवते का, हे आरशात बघून आणि हाताने चाचपून कळतं, आणि ज्या मुलाला ब आणि प कानाने वेगळे वाटत नाहीत त्याला बोटांनी वेगळे वाटतात. मला स्वतःला सेशनमधला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो आणि तो स्पीच थेरपिस्टला चांगला येतो कारण आमचं शिक्षणच आवाज तोंडात कसा तयार होतो यावर झालेलं असतं.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की धाकाने अंदाज लावणं कमी होत नाही, उलट वाढतं, कारण मुलाला पटकन काहीतरी बोलून सुटायचं असतं. लक्ष नसतं तर एवढ्या गोष्टी रंगवून सांगता आल्या नसत्या.

प्रश्न: माझी मुलगी चौथीत आहे, वाचन धडाधड, एकही चूक नाही, वर्गात मोठ्याने वाचायला तिलाच उभं करतात. पण वाचून झाल्यावर विचारलं काय वाचलंस तर गप्प. गणितं सगळी येतात पण शाब्दिक उदाहरणं आली की गडबड. शाळेत कुणालाच यात काही प्रॉब्लेम वाटत नाही. मी उगाच काळजी करतोय का?

उत्तर: उगाच नाही. उलट अशी मुलंच सगळ्यात उशिरा सापडतात, कारण वाचता येतंय ना, मग झालं, असं सगळे धरून चालतात.

1986 मध्ये फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी एक अगदी साधी मांडणी केली होती. वाचून समजणं म्हणजे अक्षरावरून शब्द ओळखणं गुणिले ऐकलेली भाषा समजणं. गुणिले, अधिक नाही. म्हणजे एक बाजू कितीही भक्कम असली तरी दुसरी शून्य असेल तर उत्तर शून्यच. पहिल्या पत्रातल्या मुलाची पहिली बाजू कच्ची आहे, तुमच्या मुलीची बहुतेक दुसरी. एक करून बघा, तोच धडा तुम्ही तिला वाचून दाखवा आणि मग प्रश्न विचारा. ऐकूनही सांगता आलं नाही तर अडचण वाचनाची नाहीच, भाषेची आहे, आणि ती वाचनाचा कितीही सराव दिला तरी सुटणार नाही.

शाब्दिक उदाहरणाचं बघा. 'रवीकडे 12 गोट्या आहेत, त्या मीनाकडच्या गोट्यांपेक्षा 5 ने जास्त आहेत, तर मीनाकडे किती?' अशी मुलं 'जास्त' दिसलं की बेरीज करतात आणि 17 लिहितात. बेरीज-वजाबाकी दोन्ही चांगली येते, अडतं ते 'पेक्षा' वर. तसंच 'मांजराला उंदीर पकडता आला नाही, कारण ते दमलं होतं' असं वाक्य द्या आणि विचारा कोण दमलं? आपल्याला 'ते' वरून लगेच कळतं की मांजर, उंदीर असता तर 'तो दमला' असं आलं असतं. भाषा कच्ची असलेलं मूल हे धागे सोडून देतं आणि जवळच्या शब्दाला धरून उत्तर देतं. 'जरी-तरी', 'शिवाय', 'वगळता', 'प्रत्येकी', 'त्यामुळे' आणि 'त्यामानाने' हे शब्द आपण रोज वापरतो म्हणून ते मुलांनाही येतात असं वाटतं, पण वेगळे काढून विचारा, चौथीतली कितीतरी मुलं गोंधळतात.

काही मुलांमध्ये ही भाषेची अडचण खोलवर आणि टिकणारी असते, कानाचा किंवा बुद्धीचा दोष नसताना. त्याला आता डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात, थोडक्यात डीएलडी. साधारण 30 मुलांच्या वर्गात 2 मुलं अशी असतात, म्हणजे अजिबात दुर्मिळ नाही, तरी डिस्लेक्सिया (म्हणजे बुद्धी चांगली असूनही शब्द वाचायला-लिहायला अडणं) हा शब्द सगळ्यांना माहीत आणि डीएलडी कुणालाच नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. ही मुलं शांत असतात, मान डोलावतात, शेजारच्याचं बघून करतात, आणि मग आळशी किंवा बुजरी म्हणून शिक्का बसतो. तुमच्या मुलीला हेच आहे असं मी पत्रावरून म्हणत नाहीये, पण टेस्ट करून घ्या.

यावर काम होतं का, तर होतं. 2010 मध्ये इंग्लंडमधल्या एका संशोधक गटाने (त्यात मॅगी स्नोलिंग आणि चार्ल्स ह्यूम होते) अगदी अशाच आठ-नऊ वर्षांच्या, छान वाचणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या मुलांना 20 आठवडे शिकवलं. काहींना धडे वाचून समजून घ्यायच्या युक्त्या, काहींना फक्त तोंडी भाषा म्हणजे शब्द, ऐकून समजणं, गोष्ट सांगणं, काहींना दोन्ही. फायदा सगळ्यांनाच झाला पण शिकवणं थांबल्यानंतर जवळपास वर्षभराने बघितलं तर वाचून समजण्यात सगळ्यात पुढे तोंडी भाषेचा गट होता. वाचन सुधारलं ते बोलून! मला हे वाचल्यावर फार बरं वाटलं होतं, कारण थेरपीत आम्ही नुसत्या गप्पा मारतो अशी पालकांची तक्रार असते. त्या गप्पा ठरवून मारलेल्या असतात. गोष्ट सांगताना कोण होतं, कुठे होतं, काय अडचण आली, त्याने काय ठरवलं, का ठरवलं, शेवटी काय झालं, या क्रमाने आधी चित्रांवरून, मग चित्रांशिवाय. नवा शब्द नुसता अर्थ सांगून सोडायचा नाही, तो कशाच्या गटातला, उलट काय, कुठल्या वाक्यात बसतो, कुठे बसत नाही, आठवडाभर पुन्हा पुन्हा भेटला पाहिजे. घरी तुम्ही एवढंच करा, तिला रोज थोडं वाचून दाखवा, तिच्या वाचनाच्या पातळीपेक्षा थोडं अवघड, आणि मध्ये थांबून 'आता काय होईल, तुला असं का वाटतं' एवढं विचारा. परीक्षा घेतल्यासारखं नाही, स्वतःलाही उत्सुकता आहे अशा पद्धतीने.

प्रश्न: नातू सहा वर्षांचा आहे. 'ड' उलटा काढतो, घ आणि ध मध्ये गल्लत, भ आणि म मध्ये गल्लत, इंग्रजी बी आणि डी तर कायमच उलटे. कुणीतरी सांगितलं डोळ्यांचा दोष आहे, रंगीत काचेचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम करा. खर्च करायची तयारी आहे, करू का?

उत्तर: आजोबा, चष्मा आणि व्यायामावर खर्च करू नका. डोळे एकदा डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या, नंबर असेल तर साधा चष्मा लावा, ते करायलाच हवं. पण वाचनाच्या अडचणीसाठी रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम यांना आधार सापडलेला नाही, 2009 मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी एकत्र येऊन हे स्पष्ट लिहून दिलंय. हा समज जुना आहे. 1896 मध्ये इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने 14 वर्षांच्या एका हुशार मुलाबद्दल लिहिलं होतं, बीजगणित येतं पण स्वतःचं नावही चुकीचं लिहितो, आणि त्याला त्यांनी जन्मजात शब्दांधत्व म्हटलं. तेव्हापासून सगळे डोळ्यांकडे बघत राहिले. नंतरच्या संशोधनातून दिसलं की बहुतेक मुलांमध्ये मूळ अडचण आवाजांच्या जाणिवेत असते.

सहाव्या वर्षी अक्षर उलटं काढणं हे शिकण्याचाच भाग आहे, बऱ्याच मुलांचं ते सात-आठपर्यंत आपोआप जातं. मला घ-ध पेक्षा दुसरं काहीतरी जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याला 'वाघ' लिहायला सांगा. 'वाध' लिहिलं तर आकाराची गल्लत, 'वाग' लिहिलं तर कानाची. दोन्हीवर उपाय वेगळा. कानाची असेल तर आम्हाला दाखवा.

प्रश्न: मुलगा पावणेचार वर्षांचा. पहिला शब्द दोन वर्षांनंतर आला, आता छोटी वाक्यं बोलतो पण बाहेरच्यांना निम्मं कळत नाही. दोन-तीनदा कान फुटला होता. माझ्या भावाला लहानपणी वाचायला खूप त्रास झाला होता. सगळे म्हणतात शाळेत गेला की सगळं सुरळीत होईल. थांबू का?

उत्तर: थांबू नका. तुम्ही चार गोष्टी सांगितल्यात, उशिरा बोलणं, अस्पष्ट बोलणं, कानाचा त्रास आणि घरात वाचनाची अडचण. यातली एकेक असती तर मी बघू म्हटलं असतं, एकत्र असताना नाही.

आधी ऑडिओलॉजिस्टकडे कानाची तपासणी, या आठवड्यात जमली तर याच आठवड्यात. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून राहिलं तर आवाज कधी नीट येतो कधी दबून येतो, मूल बहिरं वाटत नाही पण स, फ, त सारखे हलके आवाज निसटत राहतात आणि शब्दांचे शेवटचे तुकडेही. आपल्या भाषेत तर कुणी कुणाला काय केलं हे सगळं शेवटच्या प्रत्ययात असतं, तेच ऐकू आलं नाही तर वाक्य कसं बांधणार.

मग स्पीच थेरपिस्ट. लहानपणी भाषा मागे असलेल्या मुलांचा अभ्यास डोरोथी बिशप आणि कॅथरीन अ‍ॅडम्स या संशोधकांनी 1990 मध्ये छापला होता, त्यात ज्यांची भाषा साडेपाच वर्षांपर्यंत सावरली त्यांचं वाचन बहुतेक ठीक निघालं आणि ज्यांची त्या वयातही मागेच होती त्यांना वाचायला जास्त जड गेलं. सावरलेल्या मुलांकडेही पुढे लक्ष ठेवावं लागतं, कारण तीच मुलं 15 वर्षांची झाल्यावर आवाजांच्या आणि वाचनाच्या काही कामांत थोडी मागे दिसली. हे घाबरवायला सांगत नाही. तुमच्या हातात आत्ता दीड-दोन वर्षं आहेत आणि ती फार मोलाची आहेत एवढंच सांगायचंय. या वयात थेरपी म्हणजे खेळच. बडबडगीतं म्हणताना शेवटचा यमकाचा शब्द त्याच्यासाठी सोडून द्या. तो 'गाली पलाली' म्हणाला तर 'बरोबर बोल' म्हणून अडवू नका, 'हो, गाडी पळाली, जोरात पळाली!' असं म्हणा, त्याला बरोबर रूप ऐकू येतं आणि गप्पाही तुटत नाहीत. अक्षरं गिरवून घ्यायची घाई मात्र अजिबात नको.

प्रश्न: आमच्या घरची भाषा मराठी आणि शाळा दुसऱ्या भाषेची. मुलगी दोन्हीत अडखळते. घरीसुद्धा शाळेचीच भाषा बोला, मराठी बंद करा असा सल्ला मिळालाय.

उत्तर: बंद करू नका, कृपा करून. दोन भाषांमुळे डिस्लेक्सियाही होत नाही आणि भाषेचा विकारही होत नाही. खरी अडचण असेल तर ती दोन्ही भाषांत दिसते, फक्त शाळेच्याच भाषेत अडत असेल तर तिला त्या भाषेचा अनुभव कमी मिळालाय एवढंच असू शकतं. म्हणूनच टेस्ट करणाऱ्याने मराठीतही बघितलंच पाहिजे, तुम्ही तसा आग्रह धरा. आणि घरी तुम्हाला जी भाषा मनापासून येते त्याच भाषेत गप्पा, गोष्टी, भांडणं, कारणं देणं होतं, त्यातूनच शब्द वाढतात. आई-बाबांनी मोडक्या भाषेत मोजकं बोलायला सुरुवात केली तर मुलीची एक भाषा जाते आणि दुसरी काही येत नाही. एका भाषेत आवाज तोडायला शिकलेलं मूल दुसऱ्या भाषेतही ते वापरतं.

प्रश्न: सायकॉलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सगळ्यांची नावं सांगितलीत लोकांनी. नेमकं कुणाकडे आधी जायचं आणि किती दिवस?

उत्तर: मूल उशिरा बोललं असेल, सांगितलेलं कळत नसेल, शब्द पटकन सापडत नसतील, गोष्ट तुटक सांगत असेल, शब्द आवाजात तोडता येत नसेल तर आधी आमच्याकडे. बुद्धी, लक्ष, स्मरण याची टेस्ट आणि लर्निंग डिसॅबिलिटीचं निदान यात सायकॉलॉजिस्ट लागतात. स्पेशल एज्युकेटर रोजचं वाचन-लेखन-गणित पायरीपायरीने शिकवतात. पेन्सिल धरणं, हात दुखणं, अक्षर वेडंवाकडं येणं यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. या मंडळींनी एकमेकांशी बोललं पाहिजे, नाहीतर एक म्हणतो अक्षरांच्या आवाजाने शिका आणि दुसरा शब्द पाठ करायला देतो, आणि मूल मध्ये चिरडतं. तुम्ही बिनधास्त प्रत्येकाला दुसऱ्याचा रिपोर्ट दाखवा.

किती दिवस हे पहिल्याच भेटीत कुणी छातीठोक सांगत असेल तर जपून. साधारण आठवड्यात एक-दोन सेशन आणि घरी रोज 10-15 मिनिटं, आणि हिशोब महिन्यांत धरा. पण दर काही महिन्यांनी काय बदललं हे मोजून दाखवायला सांगा, तुमचा तो हक्क आहे, 'सुधारणा आहे' एवढं पुरेसं नाही. पूर्वी कोणती जोडाक्षरं येत नव्हती आणि आता किती येतात, गोष्ट सांगताना वाक्यं किती लांब झाली, असं काहीतरी हातात धरता येण्यासारखं हवं.

प्रश्न: मी आठवीत आहे. आई वाचते हे मासिक, मी तिच्या फोनवरून लिहितोय म्हणजे बोलून टाइप करतोय. मला डिस्लेक्सिया आहे असं पाचवीत सांगितलं होतं. आता साधं वाचता येतं पण खूप हळू, सायन्स आणि इतिहासाचे मोठे शब्द आले की ओळ चुकते. वर्गात वाचायला सांगितलं की पोटात दुखतं. आता थेरपी सुरू करून काही उपयोग आहे का? की उशीर झाला?

उत्तर: तू स्वतः लिहिलंस याचा मला खूप आनंद झाला. उशीर झालेला नाही. लहान वयात सुरू केलं तर सोपं जातं हे खरं, पण आठवीतल्या मुलाबरोबर आम्ही वेगळ्या पद्धतीने काम करतो आणि त्याचा उपयोग होतो. तुला कोणी पुन्हा क, ख, ग ची पुस्तकं देणार नाही, दिली तर नको म्हण.

मोठ्या शब्दांचं सांगते. ते अख्खे गिळायचे नाहीत, आतले तुकडे शोधायचे. 'अपारदर्शक' म्हणजे अ, पार, दर्शक, ज्याच्या पार दिसत नाही ते. 'प्रकाशसंश्लेषण' मध्ये प्रकाश तुला येतोच, मग उरलं संश्लेषण, म्हणजे एकत्र आणून नवं बनवणं, आणि हा शब्द पुढे केमिस्ट्रीत पुन्हा भेटेल तेव्हा ओळखीचा असेल. 'मैदानाजवळच्यांनासुद्धा' असा लांबलचक शब्द आला तर मागून सोलत जा, सुद्धा, ना, च्यां, जवळ, मैदान. असे तुकडे अर्थाने धरले की डोळे ओळीवर टिकतात, कारण तू प्रत्येक अक्षराशी भांडत नसतोस. सेशनमध्ये तुझ्याच शाळेची पुस्तकं घेऊन बस, धडा वर्गात यायच्या आधी त्यातले आठ-दहा शब्द असे फोडून बघितलेले असले की वर्गात निम्मा ताण जातो. लिहिण्यासाठी आधी बोलून मुद्दे रेकॉर्ड करायचे, मग चार खुणा, मग वाक्यं. तू बोलून टाइप करतोयस हे चांगलंच आहे, चालू ठेव. धडे ऐकायला मिळाले तर ऐकत ऐकत पुस्तकावर बोट फिरव, ऐकणं म्हणजे चीटिंग नाही, समजून घेण्याची तुझी बाजू भक्कम असेल तर ती उपाशी का ठेवायची?

आता हळू वाचण्याबद्दल खरं सांगते, वेग वाढतो पण कदाचित वर्गातल्या सगळ्यात फास्ट मुलाएवढा होणार नाही. म्हणून परीक्षेत जादा वेळ, प्रश्न वाचून दाखवणं अशा सोयी मिळतात का हे आईला शाळेत विचारायला सांग, त्यासाठी पाचवीतला रिपोर्ट लागेल आणि तो जुना झालाय म्हणून बहुतेक नवीन करून मागतील, तेव्हा ते काम या सुट्टीतच उरका. आणि वर्गात मोठ्याने वाचायचं असेल तर कुठला परिच्छेद येणार ते आदल्या दिवशी सांगा अशी विनंती करता येते. बऱ्याच टीचरना मुलाला किती त्रास होतोय हे माहीतच नसतं, कळल्यावर त्या मदत करतात. तोंडाने सांगायला अवघड वाटत असेल तर मला पाठवलास तसाच मेसेज बोलून टाइप कर आणि आईला टीचरकडे पाठवायला सांग, तू अगदी नीट मांडलं आहेस.